चाकोरी

इटलीतलं पॉम्पेई बघायचं ही इच्छा बाबांची. २०२३ च्या सप्टेंबरात ते माझ्याकडे म्युनिकला आले तेव्हा मी त्यांना पॅरिस, व्हेनिस, स्वित्झर्लंड सगळं विचारून बघितलं, प्रत्येकाला त्यांचं "बघू की" एवढंच, आणि शेवटी एका रात्री जेवताना म्हणाले, मला ते राखेखाली गेलेलं गाव दाखव. चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवताना त्यांनी ते गाव फळ्यावर खडूने काढलेलं, डोंगर, धूर, खाली घरं. स्वतः कधी बघायला मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

गाईड प्रायव्हेटच घ्यायचा हे माझं आधीपासून पक्कं होतं. त्याआधी एका दुसऱ्या शहरात आम्ही ग्रुप टूर घेतली होती, कानात इअरफोन, पुढे झेंडा, चाळीस माणसं, आणि बाबांचा गुडघा दुखतो म्हणून ते एका भिंतीजवळ दोन मिनिटं थांबले तर ग्रुप पुढच्या चौकात दिसेनासा झाला. शिवाय इंग्रजी भराभर बोललं की बाबांना कळत नाही आणि मी भाषांतर करेपर्यंत पुढचं सुरू झालेलं असतं. त्या दिवशी संध्याकाळी ते गप्प होते आणि मला फार वाईट वाटलं. म्हणून या वेळी पैसे बरेच जास्त गेले तरी चालतील, पण फक्त आम्ही दोघं आणि एक गाईड, पूर्ण दिवस, असं ठरवलं.

नेपल्सहून लोकल ट्रेन पकडून पाऊणेक तासात पॉम्पेई स्काव्ही स्टेशनला उतरलो. गाईडबाई गेटपाशी उभ्या होत्या, पन्नाशीच्या, गळ्यात लायसनचं कार्ड, पायात मळलेले बूट. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा की तुमचे वडील काय करायचे. मी सांगितलं, शिक्षक, आणि त्याआधी शेतकऱ्याचं पोरगं, गाव तेर, जिल्हा धाराशिव. शिक्षक म्हटल्यावर त्या दिवसभर बाबांना "प्रोफेसोरे" म्हणाल्या, आणि बाबा त्यांना शाळेतल्या सवयीने "बाई". "बाईंना विचार," "बाईंना सांग," असं चाललेलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण मला वाटतं त्या दोघांचं जमणार हे मला तिथेच, तिकिटाच्या रांगेतच कळलं.

पोर्ता मरीना नावाच्या वेशीतून वर चढून गेलं की थोड्याच वेळात फोरम लागतं, म्हणजे गावचा मुख्य चौक, आणि मान उचलली की सरळ समोर व्हेसुव्हियस, तो ज्वालामुखी. इथे सगळे फोटो काढतात, आम्हीही काढले. पण बाईंनी आम्हाला ज्युपिटरच्या देवळाच्या पडक्या चौथऱ्याकडे नेलं आणि म्हणाल्या, हे ज्वालामुखीने पाडलेलं नाही. हे भूकंपाने. इ.स. ६२ मध्ये इथे मोठा भूकंप झाला, ज्वालामुखीच्या १७ वर्षं आधी, आणि ७९ साली राख पडायला लागली तेव्हा गावात अजून दुरुस्त्याच चालू होत्या. मग त्यांनी टॅबलेटवर एक फोटो दाखवला. ल्युसियस केसिलियस युकुंडस नावाचा इथला एक सावकार होता, त्याच्या घरातल्या देवघराला संगमरवराची एक पट्टी होती, त्यावर हेच देऊळ कोरलंय, पण तिरकं, एका अंगाला कललेलं, आणि शेजारचे घोडेस्वारांचे पुतळेसुद्धा पडायच्या बेतात.

मी हे मराठीत सांगितलं आणि बाबा काहीच बोलले नाहीत. टॅबलेट त्यांनी हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि ते चित्र दोन बोटांनी मोठं करून बघत राहिले.

मला माहीत होतं ते कुठे गेलेत. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र संपून पहाट व्हायची होती, चार वाजायला काही मिनिटं कमी. मी तेव्हा सात वर्षांची, आम्ही उस्मानाबादला भाड्याच्या घरात होतो, आईने मला उचलून रस्त्यावर आणलं एवढंच आठवतं. किल्लारी, सास्तूर, तो सगळा पट्टा एका मिनिटाच्या आत गेला, दहा हजारांच्या आसपास माणसं. तिथली घरं दगड-मातीची, जाडजूड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, उन्हाळ्यात गारेगार वाटणारी, आणि तीच माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. बाबा दुसऱ्या दिवशी चार शिक्षकांबरोबर सास्तूरकडे गेले, वरून पाऊस, आणि आठवड्याने परत आले तेव्हा महिनाभर घरात फारसे बोलले नाहीत. आजवर त्यांनी मला त्याबद्दल सलग असं काही सांगितलेलं नाही.

"देवघराला कोरला त्यानं भूकंप," बाबा म्हणाले. "रोज सकाळी पूजेला बसलं की समोर दिसणार."

मी हे बाईंना सांगितलं आणि मग का म्हणाले तेही सांगितलं. त्या ऐकून घेत उभ्या राहिल्या. आपणही भूकंपाच्याच मुलखात राहतो, १९८० साली या भागात झाला तेव्हा मी लहान होते, आम्ही कितीतरी रात्री गाडीत झोपलो, असं म्हणाल्या. मागून एक मोठा ग्रुप आला, गेला, आम्ही तिथेच. दहा मिनिटं तरी असू. एवढा वेळ कुणाच्या वेळापत्रकात बसला असता सांगा.

पुढे गल्लीत शिरलो आणि बाबांनी खाली बघायला सुरुवात केली.

पॉम्पेईचे रस्ते काळ्या लाव्हा दगडाचे, मोठमोठ्या वेड्यावाकड्या फरश्या एकमेकीत बसवलेल्या, दोन्ही बाजूला उंच फुटपाथ, आणि मध्ये रस्ता ओलांडायला ठेवलेले दगडांचे उंचवटे, म्हणजे पाय चिखलात जाणार नाहीत आणि गाडीची चाकं मात्र दोन दगडांच्या मधून निघून जातील. आणि त्या फरशांमध्ये चाकांनी पाडलेल्या खाचा. फोटोत मी बघितल्या होत्या पण फोटोत त्या रेघोट्या वाटतात. काही ठिकाणी त्यात पंजा उभा मावेल इतक्या खोल आहेत, दगडात, डांबरात नाही. बाबा गुडघ्याचं विसरून उकिडवे बसले आणि खाचेत हात घालून कड चाचपायला लागले.

"चाकोरी," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "हीच चाकोरी. तुम्ही लोक चाकोरीबाहेर, चाकोरीबाहेर म्हणता ना, ती ही."

खरं सांगते, तो शब्द मी आयुष्यभर वापरला, चाकोरीबाहेरचं करिअर, चाकोरीबद्ध जगणं, पण चाकोरी म्हणजे चाकाची वाट हे मला आतपर्यंत कधी पोचलंच नव्हतं. बाबांना पोचलेलं होतं कारण त्यांनी बैलगाडी हाकलेली. गुळगुळीत कडेवरून बोट फिरवून ते म्हणाले, ही लोखंडाची धाव आहे, चाकावर चढवतात ती पट्टी, नुसत्या लाकडी चाकाने दगड असा कापला जात नाही. मी बाईंना विचारलं, तर बरोबर, चाकांना लोखंडी धाव होती. मग बाबांनी दोन खाचांमधलं अंतर वितींनी मोजलं, सात वितींच्या जवळपास भरलं, आणि फुटपाथच्या एका कोपऱ्यावर घासलेली जागा दाखवून म्हणाले की गाडी इकडून तिकडे वळत होती, उलटी नाही, कारण ओझ्याची गाडी वळताना मागचं चाक आत ओढतं. बाईंनी हातातली छत्री खाली ठेवली. त्या म्हणाल्या की अगदी याच खुणा मोजून अभ्यासकांनी शोधून काढलंय की पॉम्पेईत काही रस्ते वन-वे होते. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली जी मी एकटी आले असते तर मला शंभर वर्षांत दिसली नसती, एका खाचेत दगडांच्या फटीला चिकटलेला गंजक्या रंगाचा ओघळ. रस्ते झिजले की अख्खी फरशी उखडायला वेळ आणि पैसा दोन्ही लागायचं, म्हणून काही ठिकाणी लोखंड वितळवून खाचांमध्ये ओतायचे. २०१९ मध्ये यावर अभ्यास छापून आला.

"आमच्याकडं मुरूम टाकतात," बाबा म्हणाले. मी भाषांतर केलं आणि मुरूम म्हणजे काय ते सांगण्यात पाच मिनिटं गेली.

त्यानंतर दिवसाचा रंगच बदलला. बाई दाखवत होत्या आणि बाबा ओळखत होते. बेकरीत, जिथे राखेखाली ८१ पाव जळून कोळसा झालेल्या अवस्थेत सापडले, गोल, वर आठ भागांच्या रेघा, तिथे अंगणात माणसाच्या छातीपर्यंत येणारी दगडी जाती उभी आहेत, खाली सुळका आणि वर डमरूसारखा पोकळ दगड, गाढवं किंवा खेचरं गोल फिरून ती ओढायची. बाबांनी आत हात घालून दगडाचा खरखरीतपणा बघितला आणि विचारलं की याला टाकी कोण लावायचं. कारण जातं वापरून गुळगुळीत झालं की दळत नाही, टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने टोचून परत खरखरीत करावं लागतं, आमच्या गावात त्यासाठी पाथरवट यायचा. बाई म्हणाल्या की हा लाव्हा सच्छिद्र आहे, झिजला तरी नवी भोकं उघडी पडतात म्हणून खरखरीत राहतो. बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी खिशातली वही काढून लिहून घेतलं. एका घरात शिरताना अरुंद बोळातून आत चौक, चौकाच्या वरचं छप्पर उघडं, पावसाचं पाणी खालच्या हौदात, भोवतीने खोल्या. बाबा बोळात थांबून "ढाळज" म्हणाले, आणि मला आमच्या तेरच्या वाड्यातली ढाळज दिसली, दारातून शिरल्यावरची ओसरी, अंधारी, थंड, कोपऱ्यात पोती. आणि भिंतींवर लाल अक्षरात रंगवलेला निवडणुकीचा प्रचार तर त्यांनी मला पुन्हा पुन्हा वाचायला लावला. अमक्याला निवडून द्या, खाली कुणाचा पाठिंबा ते. त्यातल्या एकात गायस युलियस पॉलिबियस नावाच्या उमेदवाराला खेचरवाल्यांचा पाठिंबा आहे असं बाईंनी सांगितलं. म्हणजे गाडीवाल्यांची युनियनच की, बाबा म्हणाले, आणि परत वाकून रस्त्यावरची चाकोरी बघितली, जणू ती माणसं आत्ताच पुढे गेलीत.

दुपारी व्हिया देल'अबोंदान्झाने खाली उतरत होतो. हा गावातला मोठा रस्ता, दोन्ही बाजूला दुकानं. तिथे एक खाणावळ आहे, ओट्यात मोठमोठे रांजण गाडलेले, मागच्या भिंतीवर रंगवलेलं देवघर, त्यात घरातल्या देवांबरोबर एका टोकाला मर्क्युरी, व्यापाराचा देव, दुसऱ्या टोकाला दारूचा देव बॅकस. यातल्या एका रांजणात हजाराहून जास्त नाणी सापडली, मालक परत येईन या भरवशावर ठेवून गेला असणार. आम्ही ते बघून निघालो तर बाई जरा अलीकडच्या एका दारापाशी थांबल्या. आत काही बघण्यासारखं नाही आणि हे घर बंद असतं, असं त्या म्हणाल्या. पण तुम्ही जिथून आलात ते ऐकल्यावर इथे थांबल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

ते घर म्हणजे कासा देल्ला स्तातुएत्ता इंदियाना. भारतीय मूर्तीचं घर. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात इथे एक हस्तिदंती मूर्ती सापडली, वीतभराहून थोडी मोठी, दागिन्यांनी मढलेली बाई, दोन्ही बाजूला दोन छोट्या दासी. लक्ष्मी म्हणून ती प्रसिद्ध झाली, आता बरेच जण यक्षी मानतात, आरशाची मूठ असेल किंवा फर्निचरचा पाय. ती इ.स. ७९ च्या आधी इथे पोचलेली होती एवढं मात्र राखेने कायमचं लिहून ठेवलंय.

मी पुढचं भाषांतर करायच्या आधीच बाबांच्या लक्षात आलं होतं, कारण तेरच्या म्युझियममध्ये याच घडणीची हस्तिदंती बाई आहे. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरेंनी लोकांकडून, शेतातून, पावसानंतर पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर उघड्या पडलेल्या वस्तू वर्षानुवर्षं गोळा केल्या, मणी, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, त्यांच्या संग्रहातून ते म्युझियम उभं राहिलं. बाबा दर वर्षी सहलीला पोरं तिथे न्यायचे, मीही गेलेय, पण मला लक्षात राहिलं ते गोरोबाकाकांच्या देवळाबाहेरचे पेढे. जालन्याकडच्या भोकरदनलाही उत्खननात तशाच मूर्तीचा तुकडा मिळाला. म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की पॉम्पेईची ही बाई आपल्याच पट्ट्यातून गेली, तर तिच्या तळाशी खरोष्ठी या वायव्येकडच्या जुन्या लिपीतलं अक्षर असल्यामुळे काही जण तिकडे बोट दाखवतात. बाबांनी हे दोन्ही बाईंना नीट सांगायला लावलं, एक बाजू गाळू नको म्हणाले.

आणि मग ते तिथे त्या बंद दारापुढे फुटपाथवर बसले आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली. दुसरा शब्द नाही. आपल्या मराठीत, सावकाश, एकेक वाक्य संपवून माझ्याकडे बघत. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने समुद्री वाटांची माहिती लिहून ठेवलीय, पेरिप्लस म्हणतात तिला. त्यात आहे की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे आमचं तेर. तगरहून साधं कापड, तलम कापड, भरपूर माल भडोचला जातो, आणि तो जातो गाड्यांमधून, जिथे धड वाट नाही अशा मुलखातून.

"गाड्यांमधून, असं लिहिलंय त्यानं," बाबा म्हणाले. "हे नक्की सांग बाईंना. गाड्यांमधून."

बाईंनी त्यांना थोरला प्लिनी सांगितला, रोमन लेखक. भारत दर वर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून घेतो म्हणून ज्याने तक्रार लिहिली तो हाच प्लिनी, आणि ७९ मध्ये याच उद्रेकात इथून जवळ स्ताबियेच्या किनाऱ्यावर तो मेला, समोरच्या मिसेनमच्या आरमाराचा प्रमुख होता, लोकांना सोडवायला जहाजं घेऊन निघाला होता. बाबांना प्लिनी माहीत होता, तक्रार माहीत होती, पण तो इथे मेला हे माहीत नव्हतं. ते वहीत गेलं.

शेवटी पळालेल्यांची बाग. गावाच्या कडेला, पूर्वी द्राक्षांचा मळा होता. १९६१ मध्ये इथे १३ माणसं सापडली, मोठी, लहान, काही अगदी लहान, वेशीकडे निघालेली. राख घट्ट झाली, शरीरं आत विरून गेली आणि पोकळी राहिली, त्या पोकळीत प्लास्टर ओतून हे आकार मिळाले, ही पद्धत ज्युझेप्पे फिओरेल्लींनी १८६३ मध्ये सुरू केली. आत हाडं खरी आहेत. मी विचारलं की हे एकच कुटुंब का, कारण सगळीकडे तसंच वाचलं होतं. बाई म्हणाल्या, मी तसं सांगत नाही, मला माहीत नाही. मला त्या वेळी जरा कोरडं वाटलं ते. नंतर २०२४ च्या नोव्हेंबरात बातमी आली की अशाच दुसऱ्या एका घरातल्या प्लास्टरमधल्या माणसांचा डीएनए तपासला, तर जिला वर्षानुवर्षं सोन्याचं कडं घातलेली, मुलाला मांडीवर घेतलेली आई म्हणत होते तो पुरुष निघाला, आणि त्या मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं. मी ती बातमी बाबांना फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, नातं नसताना मूल कडेवर घेतलं, मी सास्तूरला बघितलंय. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी सास्तूरबद्दल मला अर्धा तास सांगितलं, ते इथे लिहिणार नाही.

बागेतून निघताना बाबांनी हात जोडले. बाईंनीही जोडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच नेपल्सच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये गेलो. वरच्या मजल्यावर जे बंदिस्त दालन आहे, पूर्वी ठरावीक लोकांनाच दाखवायचे ते, तिथे ती हस्तिदंती मूर्ती ठेवलीय. हस्तिदंत पिवळं-तपकिरी पडलंय, एक हात डोक्यामागे वळवलेला, हातात कोपरापर्यंत बांगड्या, कमरेला मेखला, पायात जाडजूड वाळे एकावर एक. माणसं येत होती, एक नजर टाकून पुढे जात होती. बाबा काचेला नाक लावून उभे.

मग म्हणाले, गावाकडं फोन लाव, व्हिडिओवर, आई जागी असेल. तेरला काकाने उचलला आणि आजीच्या हातात दिला. आजी ९२ ची. स्क्रीनवर आधी तिचं कपाळ दिसलं, मग छत, मग एक डोळा.

"कुठं हायस रे?"

"इटलीत. हे बघ आई, ही बाई बघ. आपल्या म्युझियममध्ये आहे ना, तसली."

"कोण हाय ही?"

"दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. आपल्याकडून इकडं आली असं म्हणतात."

आजी जरा वेळ गप्प. "आन् इतक्या लांब कशी गेली रे ती?"

"आधी गाडीनं," बाबा म्हणाले, "मग जहाजानं."

दालनाच्या दारातला माणूस आमच्याकडे बघत होता, मी खुणेनेच एक मिनिट म्हटलं, त्याने मान हलवली. आजी पलीकडून म्हणाली, पाय दिसंना गेलेत मला, जरा खाली धर. बाबांनी फोन खाली धरला, काचेवरचा उजेड लागू नये म्हणून दुसऱ्या हाताने आडोसा केला.

"माझ्या सासूच्या पायात असलेच वाळे हुते," आजी म्हणाली. "चालाया लागली की ढाळजंपतूर ऐकू यायचं."